काटा लाल झाल्यावर

गेल्या मे महिन्यात आमची प्रीमिअर पद्मिनी खंबाटकी घाटात बंद पडली. १९८६ चं मॉडेल, बाबांनी कर्ज काढून घेतलेली. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. अर्धा घाट चढल्यावर, बाबांनी मुद्दाम वेगळा बसवून घेतलेला तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. "आता थोडंच राहिलंय, वर जाऊन थांबू" असं म्हणत मी गाडी रेटत राहिलो. वर काही पोचलो नाही. आधी जोर गेला, मग खरवडल्यासारखा आवाज आला आणि इंजिन चिकटलं.

घरी आल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "काटा लाल झाल्यावर किती चालवलीस?"

"लगेच थांबलो," मी म्हणालो.

मग सल्ले सुरू झाले. ऑफिसात एकमत होतं : भंगारात दे. दुसरा गट म्हणाला की एखाद्या नव्या छोट्या गाडीचं इंजिन टाक, ॲव्हरेजही मिळेल. (इंजिन बदललं की आरसी बुकात नोंद करावी लागते, हे मात्र कोणी सांगत नाही.) जुनंच इंजिन पुन्हा बांधायचं म्हणणारा मी एकटाच. मी भावनेच्या भरात बोलतोय असं सगळ्यांना वाटलं. तेव्हा कदाचित बोलत असेनही. आता मात्र माझ्याकडे कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे हे इंजिन दुरुस्त करता यावं अशा बेतानंच बनवलेलं आहे. मूळ फियाट ११०० चं, चार सिलिंडर, १०८९ सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. सिलिंडर झिजला तर बोअर करून मोठा करा आणि त्या मापाचा पिस्टन घाला. क्रँक झिजली तर घासून बारीक करा आणि जाड बेअरिंग घाला. व्हॉल्व्हच्या सीट कापता येतात, हेड सपाट करता येतं. झीज होणार हे गृहीत धरून तिच्यासाठी जागा सोडलेली आहे. आजच्या बऱ्याच इंजिनांत ही सोय नसते. तिथे अख्खा ब्लॉकच बदलतात.

आम्ही सॉफ्टवेअरवाले बदलून टाकण्यात पटाईत. जुना कोड दिसला की हात शिवशिवतात : फेका, नव्यानं लिहू. जोएल स्पोल्स्कीनं २००० साली नेटस्केपचं उदाहरण देऊन लिहिलं होतं की कोड पहिल्यापासून लिहायला घेणं ही सगळ्यात वाईट चूक. मला ते सरसकट पटत नाही, कधीकधी नव्यानं लिहावंच लागतं. पण त्याआधी जुनं का मेलं हे कळायला हवं. ते न बघता बदलणं म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट करून तिकीट बंद करणं. (कबूल, मीही केलंय :-) )

हे मला शिकवलं ते आमच्या मिस्त्रींनी. बाबांच्या ओळखीचे, सत्तरीचे. इंजिन खाली उतरवलं आणि त्यांनी त्याला हातच लावला नाही. म्हणाले, "साहेब, आधी रेडिएटर उघडू. हे कशानं मेलं ते कळल्याशिवाय बांधलं, तर दुसरंही मारून आणाल."

रेडिएटर उघडला. निम्म्या नळ्या पांढऱ्या क्षारानं बुजलेल्या. गुडघ्यांमुळे बाबांनी गाडी चालवणं सोडलं, तेव्हापासून दोन वर्षं मी सोसायटीच्या बोअरचं पाणी भरत होतो. बाबा डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घालायचे. मला वाटायचं, पाणी ते पाणी.

मग हेड उघडलं. ॲल्युमिनियम तापून बिडापेक्षा जास्त फुगतं. अति तापलं की हेड वाकतं, गॅस्केट उडतं. दोन्ही झालं होतं. तिसरा पिस्टन बाहेर काढून मिस्त्रींनी उजेडात धरला. एका बाजूला वरपासून खालपर्यंत ओरखडे. "लाल झाल्यावर चालवलीय," ते म्हणाले. "बरीच." लॉग फाइल खोटं बोलत नाही, तसंच. मी गप्प.

पुढचा दीड महिना मोजमापात गेला. लेथवाल्यानं प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजला. कारण सिलिंडर नुसता झिजत नाही, अंडाकृतीही होतो. चारही ०.४० मिमी मोठे केले, म्हणजे ६८ चे ६८.४ मिमी. इंजिन आता साधारण ११०२ सीसीचं झालंय! क्रँक दहा थाऊ घासली (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलचे पाइपही बदलले. पिस्टनसाठी नाना पेठेत चार चकरा झाल्या.

सगळा खर्च ६८ हजार. एवढ्यात चांगली सेकंडहँड स्कूटर आली असती, हे मला मान्य आहे.

पण दुसरं कारण इथेच आहे. या गाडीचे सुटे भाग आणि ती उघडणारे हात इतकी वर्षं टिकले, त्यात मुंबईच्या टॅक्सींचा मोठा वाटा होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता पिस्टन कोणासाठी बनवायचे? मिस्त्रींचा मुलगा कुरिअर कंपनीत आहे. हे काम दहा वर्षांनी करू म्हटलं तर तेव्हा पैसे असतील, माणूस नसेल.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी बाबा गॅरेजात आले होते. मिस्त्रींनी जुना पिस्टन आठवण म्हणून त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो फिरवून ओरखडे बघितले. मग माझ्याकडे बघितलं.

"सहा-सात मिनिटं चालवली," मी म्हणालो.

"माहितेय," बाबा म्हणाले. "त्या दिवशीच सांगितलं असतंस तर मिस्त्रीला आधीच सांगता आलं असतं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. पिस्टन आता माझ्या टेबलावर मॉनिटरशेजारी आहे.

पहिले हजार किलोमीटर गाडी हळू चालवायची आहे, ते चालू आहे. तुमच्या पार्किंगमध्ये अशी एखादी गाडी धूळ खात उभी असेल, तर विकण्याआधी एकदा उघडून तरी बघा. नाही बांधलीत तरी चालेल, पण कशानं मेली ते कळू द्या. आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका.