झोपेतल्या हाकेचा अर्थ

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात श्रांत सीता झोपी जाते आणि झोपेतच रामाला हाक मारते, ती ऐकून राम तिला कसलाही दोष न देता भोगलेल्या विरहाची व्यथाच तीत ओळखतो. गोंदिया जिल्ह्यातील आमगावलगतच्या पदमपुराला ज्या कवीचे जन्मस्थान म्हणून मान मिळतो, त्याची ही सहृदयता आपल्या घरांतून मात्र पुष्कळदा लोपलेली दिसते. एखादे मूल रात्री किंचाळू लागले, स्वप्नातल्या शत्रूवर हात उगारू लागले, किंवा जाग येऊनही अंग हलत नाही व छातीवर कोणी बसले आहे असे सांगू लागले, की प्रथम मांत्रिकाची आठवण होते. आणि तेच मूल दिवसा वर्गात पेंगू लागले, की त्याच्यावर आळसाचा शिक्का बसतो. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकाच व्याधीत असू शकते.

त्या व्याधीला १८८० साली जेलिनो या फ्रेंच वैद्याने नार्कोलेप्सी हे नाव दिले. जागृती स्थिर राखणाऱ्या हायपोक्रेटिन या मेंदूतील द्रव्याचा शोध १९९८ मध्ये लागला, आणि ते निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की झोप व जागृती यांच्यातील सीमाच ढासळते, हे पुढे स्पष्ट झाले. एरवी झोप लागल्यावर तासा-दीड तासाने येणारी स्वप्नावस्था अशा रुग्णात पुष्कळदा पंधरा मिनिटांच्या आत अवतरते. त्या अवस्थेत स्नायूंवर असणारा निसर्गाचा निर्बंध रात्री सुटला तर स्वप्न हातापायांतून प्रकट होते, आणि दिवसा तोच अवेळी बसला तर खळखळून हसतानाच गुडघे लुळे पडतात. काही मुलांत रात्रीचे हे वर्तनच रोगाची पहिली खूण ठरते.

झोपेत बडबडणारे प्रत्येक मूल रुग्ण नसते. बहुतेकांची ही सवय वयाबरोबर सरते, आणि कधी अपस्माराचा झटकाही असाच भासतो. म्हणूनच निवाडा वैद्याने करावयाचा. रात्रीची हालचाल मोबाइलवर टिपून मुलाला गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, आणि जरूर पडल्यास नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावे. रात्रभराची निद्रातपासणी व दुसऱ्या दिवशीच्या डुलक्यांची चाचणी यांतून निदान होते, आणि रोग समूळ जात नसला तरी औषधे व ठरावीक वेळची विश्रांती यांनी शिक्षण सावरता येते.

दिवसा झोप अनावर होते काय आणि रात्री झोपेत काय घडते, हे दोन प्रश्न राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी शाळातपासणीत शिरस्त्याने विचारावेत, आणि शिक्षकांनी पेंगणाऱ्या मुलाला शिक्षा करण्यापूर्वी त्याच्या पालकांना बोलावून घ्यावे. कारण या रोगाचे निदान अनेकदा वर्षानुवर्षे लांबते, आणि ती वर्षे नेमकी शिक्षणाची असतात.