परदेशची भेट आणि घरची वीज

गेल्या थंडींत मुलुंडच्या आमच्या एका स्नेह्यांकडे घडलेला प्रसंग वाचकांच्या कानांवर घालावा असें वाटतें. अमेरिकेंत असलेल्या त्यांच्या धाकट्या चिरंजीवांनीं आईच्या गुडघेदुखीकरितां विजेवर तापणारी शेकण्याची उशी पाठविली. तिची चपटी पिन येथल्या सॉकेटांत बसेना. तेव्हां नातवानें बाजारांतून अडॅप्टर आणला, उशी सुरू झाली, आणि आजीबाई कौतुकानें गुडघे शेकतां शेकतां झोपीं गेल्या. थोड्याच वेळानें थोरल्या सूनबाईंना कापड करपल्याचा वास आला. त्यांनीं धांवत जाऊन प्रथम भिंतीवरचें बटण बंद केलें म्हणून निभावलें. गादीला वाटीएवढा डाग पडला आणि आजींच्या गुडघ्याला फोड आले. घरांत सर्व माणसें शिकलेलीं; तरी चूक झाली. पिन बसली म्हणजे वीज जुळली, असें सर्वांनींच गृहीत धरलें होतें.

वस्तुतः अडॅप्टर केवळ पिनेचा आकार जुळवितो. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, तो तिळमात्र बदलीत नाहीं. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट, अमेरिकेंत १२०, तर जपानांत १००. एडिसननें १८८२ सालीं न्यूयॉर्कमध्यें सुमारें ११० व्होल्टनें वीज पुरविण्यास आरंभ केला व तिकडे तोच पायंडा पडला. युरोपांत व आपल्याकडे पुढें त्याच्या जवळजवळ दुप्पट दाब रूढ झाला. दाब दुप्पट तर उष्णताही दुप्पट, असा हिशेब मनांत येतो. पण तो चुकीचा आहे. दाब दुप्पट झाला कीं तारेंतून वाहणारा प्रवाहही दुप्पट होतो, आणि म्हणून उष्णता चौपट होते. १२० व्होल्टवर ६० वॉट घेणारी उशी २३० व्होल्टवर सुमारें २२० वॉट घेऊं लागते. मग ती उशी राहत नाहीं, शेगडी होते.

दाबाचें हें प्रकरण उपनगरांतील वाचकांना अगदींच परकें नाहीं. मुंबईची विजेची लोकल १९२५ सालीं प्रथम धांवली ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. तो बदलून २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणण्याचें काम पश्चिम रेल्वेवर २०१२ सालीं व मध्य रेल्वेवर २०१६ सालीं पुरें झालें. मधल्या काळांत दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या मुद्दाम बनवाव्या लागल्या. एका हद्दींतून दुसरींत शिरतांना डब्यांतले दिवे व पंखे क्षणभर बंद पडत, हें पुष्कळांना आठवत असेल. घरांतल्या वस्तूंतही अशा दोन जाती असतात.

म्हणून परदेशची वस्तु हातीं येतांच प्रथम तिच्या पाठीवरची पट्टी वाचावी. तेथें १०० ते २४० व्होल्ट व ५०/६० हर्ट्झ असें छापलेलें असेल, तर नुसत्या अडॅप्टरनें भागतें. मोबाइलच्या व लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा तसें असतें. केवळ ११० किंवा १२० असेल तर दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर हवा, आणि त्याची शक्ति वस्तूच्या वॉटपेक्षां निदान सव्वापट असावी. १२०० वॉटच्या टोस्टरकरितां असा ट्रान्सफॉर्मर आणणें म्हणजे ओट्यावर पाटा-वरवंटा मांडणें होय; त्यापेक्षां टोस्टरच येथें विकत घ्यावा. शिवाय ट्रान्सफॉर्मरनें विजेची वारंवारता बदलत नाहीं. अमेरिकेंत ती ६०, येथें ५०. त्यामुळें विजेच्या स्पंदनांवर चालणारें तिकडचें घड्याळ येथें तासाला १० मिनिटें मागें पडतें, आणि कांहीं मोटरी सावकाश फिरून अधिक तापतात. तीन पिनांची वस्तु दोन पिनांच्या अडॅप्टरवर कधींही लावूं नये. वस्तूंत बिघाड झाल्यास वीज अंगांत न शिरतां जमिनीकडे जावी, याचकरितां ती तिसरी पिन असते.

उलट दिशेनेंही हाच न्याय. लेकीबरोबर अमेरिकेस येथला मिक्सर बांधून दिला, तर तेथें तो चटणीपुढेंच हात टेकतो. तिकडे नेण्यासाठीं ११० व्होल्टचे मिक्सर आपल्याकडे मिळतात, ते घ्यावे. इंग्लंडला जाणाऱ्यांनीं मात्र पिनेचीच तेवढी काळजी करावी. दाब तेथेंही २३० च आहे.

घडलेली हकीकत धाकट्याला कळवूं नका, त्याला वाईट वाटेल, असें आजींनीं बजावलें होतें. सूनबाईंनीं मात्र दिरांना सर्व स्पष्ट कळविलें, आणि आमच्या मतें तेंच योग्य झालें. आतां तिकडून कोणतीही वस्तु निघण्यापूर्वीं तिच्या पट्टीचा फोटो मुलुंडला येतो, आणि येथून होकार गेला तरच ती पेटींत पडते. अशी वहिवाट आमच्या वाचकांच्या घरींही पडावी, एवढीच आमची सूचना आहे.