कपाळावरची गाठ आणि 'अणूची सुई'

मागच्या सत्रात आठवीतल्या एका मुलाची आई मधल्या सुट्टीत भेटायला आली. मुलाच्या कपाळावर सुपारीएवढी कडक गाठ. सीटी स्कॅन झाला होता. गाठ कवटीच्या हाडातलीच, कॅन्सरची वाटत नव्हती; पण ऑपरेशनआधी डॉक्टरांनी बोन स्कॅन सांगितला होता. "मॅडम, अणूची सुई देणार म्हणे. बॉम्बातलं औषध पोराच्या अंगात कशाला?"

खरं सांगते, मी गडबडले. त्याच आठवड्यात मी वर्गात समस्थानिकांचे उपयोग पाठ करून घेतले होते!

शिक्षकहो, हे आपण सोपं करून सांगायला हवं. सुईत टेक्नेशियम-९९एम असतं, हाडाकडे ओढल्या जाणाऱ्या फॉस्फेटसारख्या रसायनाला जोडलेलं. जिथे हाड नव्याने घडतंय तिथे ते जास्त साठतं आणि दोन-तीन तासांनी गॅमा कॅमेऱ्यात ती जागा उठून दिसते. फायब्रस डिस्प्लेशिया असेल तर तो कधीकधी एकाहून जास्त हाडांत असतो. एका स्कॅनमध्ये सगळा सांगाडा तपासून होतो. जुन्या, शांत ऑस्टिओमात मात्र फारसं काही उठत नाही. मोठ्यांमध्ये मेंदूच्या आवरणाची गाठ, मेनिंजिओमा, हाडात शिरली असेल तर गॅलियम-६८ वापरून केलेल्या पेट स्कॅनवरून किती हाड काढायचं याचा सर्जनला अंदाज येतो.

पालकहो, एक लक्षात ठेवा. स्कॅनमध्ये उठून दिसलं म्हणजे कॅन्सर नव्हे. जुळत आलेलं मोडकं हाडही तसंच दिसतं. शंका उरली तर शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाखालच्या तुकड्याचाच. आणि प्रत्येक टेंगळाला हा स्कॅन लागतच नाही, बऱ्याचदा सीटीवर भागतं. "हा कशासाठी?" असं डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

माझी तक्रार आपल्याच वर्गाबद्दल आहे. अर्धायुकाल आपण बारावीसाठी राखून ठेवतो, तोवर बरीच मुलं विज्ञान सोडून गेलेली असतात. त्यात आहे काय? निम्म्याचं निम्मं! टेक्नेशियमचा अर्धायुकाल सहा तास. त्या माउलीसमोर मी कागदावर मांडलं: सहा तासांनी निम्मं, बाराने पाव, अठराने आठवा हिस्सा, चोवीसने सोळावा. शिवाय लघवीतून जातं ते वेगळं, म्हणून तर भरपूर पाणी प्यायला सांगतात.

"म्हणजे परवापर्यंत जवळजवळ संपलंच की," त्या म्हणाल्या. कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला, मुलाच्या बाबांना दाखवायला.