खिशातला चाकू आणि तांतोचे टोक

आमच्या संत तुकाराम नगरात खिशातल्या चाकूला काम ते काय? खोक्याची चिकटपट्टी, सुतळी, पेरू, लिंबू. भोसरीच्या शेडमध्ये नोकरी असेल तर पॅकिंगची पट्टी. एवढ्यासाठी तांतो पात्याचा घडीचा चाकू बाळगणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे.

तांतो हा मूळचा जपानी सामुराईंचा आखूड सुरा. त्याचे पाते बहुधा गोलाईचेच असे. दोन सरळ धारा कोनात मिळणारे आजचे रूप अमेरिकेत १९८०च्या दशकात लोकप्रिय झाले. टोकाशी पोलाद जाड राहते, म्हणून भोसकताना ते मोडत नाही. आपल्याकडेही चिलखत भेदण्यासाठी कट्यारीचे टोक जाड ठेवीत. तिने कुणी पेरू चिरला नाही. पेरूला पोट असलेली धार लागते, आणि तांतोला पोटच नाही. शिवाय निसण्यावर दोन्ही धारा निरनिराळ्या लावायच्या, त्याही मधला कोपरा सांभाळून. दारावर येणारा धार लावणारा तो कोपरा पहिल्याच फेरीत गोल करून टाकतो. (मग मात्र पाते कामाचे होते!)

एक कबूल: तो कोपरा चिकटपट्टी झकास कापतो. पण त्याला स्टेशनरीच्या दुकानातला कटर पुरतो. टोक बोथटले की तुकडा मोडावा आणि पाते पुढे सरकवावे.