टेकडीलाही वक्र होता

नवी मुंबई विमानतळाचं कमळासारखं टर्मिनल पाहून 'कॉम्प्युटरने वास्तुकलेला काटकोनातून सोडवलं' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पनवेलमध्ये बसून मी पोटासाठी सरफेस मॉडेलिंगच करतो. झाहा हदीद यांच्या संस्थेने रचलेलं ते छत देखणं आहेच. पण हे गणित मोटारींच्या पत्र्यासाठी जन्मलं: १९५९ च्या सुमारास सित्रोएनमध्ये दे कास्तेल्जो, मग रेनोमध्ये बेझिए. त्यात आकार ओढणारे बहुतेक बिंदू पृष्ठभागावर नसतातच, बाहेर हवेत असतात. ते कोणाच्या हातात, हे विचारायला नको?

नव्वदेक मीटरची उलवे टेकडीही मुक्त वक्राकृतीच होती. पण टेकडीचं मॉडेल करतात ते घनमीटर काढायला: किती फोडायचं, किती भरायचं. पाकळीची कड जपायची; टेकडी सपाट, नदी वळवलेली, दहा गावं उठवलेली. कसलं डोंबलाचं 'फ्रीफॉर्म'!

माझी मागणी साधी आहे. फोडण्याआधीच्या मोजणीवरून टेकडीचं मॉडेल करा, टर्मिनलमध्ये मांडा आणि चिंचपाडा, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे त्यावर जागच्या जागी दाखवा. काम मी फुकट करून देईन.