त्यांच्या जिवावर आपलं इंग्रजी

गेल्या आठवड्यात आमच्या टीममधल्या एका पोराने मला एक जाहिरात फॉरवर्ड केली. 'लहान मुलांना इंग्रजी शिकवा, स्वतःचं इंग्रजी सुधारा! आठ आठवड्यांची इंटर्नशिप, शेवटी सर्टिफिकेट.' खाली त्याचा प्रश्न, "दादा, खरंच सुधारतं का?"

पोरगा मराठवाड्यातला, मराठी माध्यमाचा. कोड झकास लिहितो. पण क्लायंट कॉल सुरू झाला की म्यूटवर जातो, मला चॅटवर मराठीत मुद्दे पाठवतो आणि मी ते इंग्रजीत बोलतो. अक्कल त्याची, तोंड माझं. आणि अप्रेझलला कौतुक कुणाचं होतं? तोंडाचं! त्यामुळे त्याची तगमग मला कळते. त्याला दोन अक्षरी उत्तर देता आलं असतं. पण हा विषय माझ्या डोक्यात बरीच वर्षं साचलेला आहे, म्हणून या शनिवारी इथेच लिहितो.

उत्तर आहे, हो. सुधारतं. माझं सुधारलंय. आणि तरीही ती जाहिरात वाचून माझं टाळकं सरकलं.

मी पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या पिढीतला. (राज्य सरकारने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं ते २००० साली. तोवर मी आठवीत पोचलो होतो.) दहावीला इंग्रजीत चांगले मार्क होते, पण तोंडाला मात्र कुलूप. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला तीन कंपन्यांच्या ग्रुप डिस्कशनमधून बाहेर फेकला गेलो. तिसऱ्या वेळी तर मी पंधरा मिनिटांत फक्त "आय अ‍ॅग्री" म्हणालो होतो. मग साडेचार हजार रुपये भरून स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. तिथे आम्ही वीस जण एकमेकांना आपापलं चुकीचं इंग्रजी ऐकवायचो, आणि सर म्हणायचे, "कॉन्फिडन्स पाहिजे." अहो, तोच विकत घ्यायला तर आलो होतो!

चौथ्या कंपनीने घेतलं, पण नेमकी मंदी आली आणि जॉइनिंग पुढे गेलं. घरी बसून काय करणार? २००९ च्या जूनमध्ये पुण्यातल्या एका महापालिकेच्या शाळेत चौथीच्या मुलांना इंग्रजी शिकवायची इंटर्नशिप धरली. बिनपगारी, आठ आठवडे. हेतू अगदी स्वच्छ स्वार्थी होता. चौथीची पोरं काही आपल्या चुका काढणार नाहीत, असा हिशोब.

हिशोब पहिल्याच आठवड्यात चुकला. मी फळ्याकडे पाठ करून सूचना द्यायचो आणि मुलांनी त्याप्रमाणे चित्र काढायचं, असा खेळ होता. घर काढा, झाड काढा. मग मी म्हणालो, "द कॅट इज ऑन द बॅक ऑफ द हाऊस." मला म्हणायचं होतं, मांजर घराच्या मागे आहे. वर्गात शांतता. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, घराला पाठ कुठं असते?" (अवयवांचा धडा नुकताच झाला होता. हेड, नेक, बॅक!)

मी लालबुंद झालो. पण त्या दिवसापासून 'बिहाइंड' कधी चुकला नाही. सोळावं वरीस सरलं तरी शब्दयोगी अव्ययांचा तक्ता पाठ करून जे जमलं नव्हतं, ते तिच्या एका प्रश्नाने झालं.

तुम्ही प्रोग्रामर असाल तर लगेच समजेल. ग्रुप डिस्कशन म्हणजे असा प्रोग्राम, जो क्रॅश होतो पण एरर मेसेज देत नाही. तुम्हाला फक्त कळतं, 'नॉट सिलेक्टेड'. का? कुठल्या ओळीवर? काही नाही. मुलं म्हणजे कंपायलर. बोलाल तेच ऐकतात, तेच करतात, आणि गडबड झाली की तिथल्या तिथे दाखवतात. वर तुमची लायकी काढत नाहीत.

यात माझं डोकं काही नाही, भाषा शिकवण्यावर काम करणाऱ्यांनी हे आधीच सांगून ठेवलंय. अमेरिकेतल्या स्टीफन क्राशेन यांनी १९८० च्या दशकात मांडलं की भीती आणि संकोच मध्ये आले की समोरची भाषा कानावर पडूनही आत झिरपत नाही. आपल्याकडे एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत प्रयोग केला, तो 'बंगलोर प्रोजेक्ट' म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना कामं दिली. नकाशा बघून वाट सांगा, रेल्वेच्या टाइमटेबलवरून गाडी शोधा. डोकं अर्थात गुंतलं की भाषा मागोमाग येते, हे त्यामागचं सूत्र. त्या वर्गात मी सर होतो खरा, पण माझ्यावरही तोच प्रयोग चालला होता.

"पण दादा, मांजर आणि घर बोलून क्लायंट कॉल कसा जमणार?" बरोबर आहे. ईमेल, डिझाइन डॉक्युमेंट यांचं इंग्रजी वेगळं, ते वाचून आणि लिहूनच येतं. पण कॉलवर आपण नेमकं काय करतो? आधी काय, मग काय ते सांगतो. समोरच्याला समजलं का ते विचारतो. नाही समजलं तर तेच वेगळ्या, सोप्या शब्दांत पुन्हा सांगतो. चौथीच्या वर्गात दिवसभर हेच चालतं.

तर फायदा खरा आहे. आता जाहिरातीकडे येतो.

माझा हा सराव चालू होता, तेव्हा त्या मुलांचं काय होत होतं? एक दिवस वर्गशिक्षिका बाई मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, "सर, राग मानू नका. तुमच्यासारखे दर दोन महिन्यांनी कोणीतरी येतं. प्रत्येक जण 'माय नेम इज' पासून सुरू करतो. पोरांचं चार वेळा नाव सांगून झालंय. पुढे कधी जायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही जाहिराती देणाऱ्यांकडे असेल असं वाटत नाही. आठ आठवडे हा मुद्दलातच इंटर्नच्या सोयीचा आकडा आहे. त्याची सुट्टी, त्याचा बायोडेटा, त्याचं सर्टिफिकेट. मुलाचं वर्ष जूनला सुरू होतं आणि एप्रिलला संपतं, ते कोण बघतो? आणि एक सांगा, ही इंटर्नशिप महागड्या इंग्रजी शाळांत का नसते? तिथल्या आईबापांना कळलं की शिकवणारा स्वतःच शिकाऊ आहे, तर दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर रांग लागेल. महापालिकेच्या शाळेतल्या मुलांचे आईबाप त्या वेळी कामावर असतात. म्हणून हात साफ करायला आपल्याला तीच पोरं सापडतात. याला समाजसेवा म्हणायचं?

माझी गोष्ट पुरी सांगतो, म्हणजे कोणाला वाटायला नको की मी फार शहाणा. त्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने पुण्यातल्या शाळा बंद झाल्या. माझे शेवटचे दिवस बुडाले. सर्टिफिकेट मात्र वेळेवर आलं, 'आठ आठवडे यशस्वीरीत्या पूर्ण'. शाळा पुन्हा उघडली तेव्हा जॉइनिंगला अजून महिना होता. मी जाऊ शकत होतो. गेलो नाही. शाळा बंद व्हायच्या आधी त्या पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं होतं, "सर, तुम्ही तरी दिवाळीपर्यंत याल ना?" मी "हो" म्हणालो होतो. मराठीत म्हणालो होतो, त्यामुळे भाषा कच्ची होती ही सबबही नाही.

म्हणून त्या पोराला मी हो म्हणालो, पण अटी घातल्या.

एक, जायचं तर जून ते एप्रिल. आठवड्यातून एकदाच जा, पण वर्षभर जा. दोन, आधीच्या माणसाने कुठपर्यंत शिकवलं ते बाईंना विचार आणि तिथून पुढे सुरू कर. आपण कोड हँडओव्हरशिवाय हातात घेत नाही, मग मुलं कशी घेतो? तीन, 'ओन्ली इंग्लिश' चा आग्रह नको. मुलाला गोष्ट आधी मराठीत कळू दे. स्टोरीवीव्हर या साइटवर (प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेली) मराठीत आणि इंग्रजीत मुलांच्या गोष्टी फुकट मिळतात, त्या छापील मजकुरावरून वाच. म्हणजे तुझ्या मनाचं व्याकरण तरी त्यांच्या कानावर कमी पडेल. आणि चार, चुकलास तर वर्गासमोर सांग की चुकलो. मोठा माणूसही इंग्रजीत चुकतो आणि त्याला काही होत नाही, हे कळलं तर ती मुलं पुढे ग्रुप डिस्कशनमध्ये गप्प बसणार नाहीत. आपण त्यांना देऊ शकतो अशी ही एक खात्रीची गोष्ट.

इंग्रजी सुधारेलच. पण ते त्या मुलांकडून घेतलेलं उसनं आहे, आणि उसनं फेडायचं असतं.

त्याचा रिप्लाय आला, "वर्षभर? पण दादा, सर्टिफिकेट तर आठ आठवड्यांतच मिळतंय ना?"

काय बोलणार? मीही तेच केलं होतं. असो. सोमवारी कॅन्टीनला भेटून त्याला ती घराच्या पाठीची गोष्ट सांगणार आहे. आणि दिवाळीचीही.