जुन्या मोटारींची झळाळी

जुनी मोटार दुरुस्त करणे म्हणजे तिचे इंजिन पुन्हा सुरू करणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. चाकाच्या मध्यभागी बसवलेली वाटीसारखी टोपी, दरवाजांवरून जाणारी चकचकीत पट्टी, पुढच्या जाळीभोवतीची चौकट या वस्तू केवळ शोभेच्या मानल्या जातात. त्यामुळे त्यांचे काम सर्वांत शेवटी, घाईघाईने आणि मिळेल त्या कारागिराकडून उरकले जाते. माझ्या मते जुन्या मोटारीचे न भरून येणारे नुकसान याच टप्प्यावर होते. इंजिनात बसवलेला नवा भाग काढून मूळचा भाग पुन्हा बसवता येतो. घासून नाहीसा केलेला धातू मात्र परत आणता येत नाही.

गॅरेजमध्ये जिला व्हीलकॅप म्हणतात, ती चाकाची टोपी मुळात शोभेसाठी जन्मलेली नाही. बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो, तसाच तो सुरुवातीच्या मोटारींच्या लाकडी चाकांनाही होता. त्यातील वंगण बाहेर पडू नये आणि धूळ आत शिरू नये, म्हणून ही टोपी आट्यांवर फिरवून घट्ट बसवीत. पुढे पत्र्याची, स्प्रिंगच्या चिमट्यांनी अडकणारी टोपी आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील मोटारींवर पितळ झळकत असे. नंतर निकेलचा काळ आला आणि 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रोमियम रूढ झाले. निकेलची चमक किंचित पिवळसर असते, क्रोमियमची निळसर. म्हणूनच 1920 सालच्या मोटारीला कोणी क्रोमियमचा लखलखाट चढवला, तर जाणकाराच्या डोळ्यांना ते खटकते. नऊवारी नेसलेल्या पणजीच्या छायाचित्रात कोणी तिच्या हातात मोबाइल काढून द्यावा, तसा हा प्रकार आहे.

क्रोमियमची झळाळी ज्याला आपण म्हणतो, ती खरे तर तीन धातूंची मिळून असते. पोलादी टोपीवरील जुना थर प्रथम रासायनिक द्रावणात उतरवतात. मग पोचा आलेला भाग आतल्या बाजूने हलक्या हातोडीने ठोकत वर आणतात. ठोका जोरात पडला की पत्रा ताणला जातो आणि पोच्याच्या जागी फुगवटा येतो. तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करणाऱ्या पुण्याच्या तांबटांना ठोक्याचे जे भान असते, तेच इथे लागते. त्यानंतर घासकाम होते. मग विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवतात. तो बारीक खळगे भरून काढतो आणि त्यालाही घासून गुळगुळीत करावे लागते. त्यावर निकेल आणि अगदी शेवटी क्रोमियम. हा शेवटचा थर माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. गंजापासून बचाव करण्याचे काम मुख्यतः त्याखालच्या निकेलचे असते. ज्या खळग्यात निकेल पातळ राहिले, तिथूनच पुढे तांबूस ठिपके उमटू लागतात.

मराठीने ‘मुलामा’ या शब्दावर थोडा अन्यायच केला आहे. मुलामा म्हटले की आपल्याला ढोंग आठवते. पण कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, हे आपल्या आजीला माहीत होते. कल्हई ही तिच्या दृष्टीने सजावट नव्हती. मोटारीवरचा मुलामाही पत्र्याचे रक्षण करतो. माझा आक्षेप मुलाम्याला नसून, गरज नसताना तो नव्याने चढवण्याला आहे.

पुष्कळदा तशी गरज नसतेच. वरवरचा गंज असेल, तर साबणाच्या पाण्याने टोपी धुऊन, ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा बोळा ओला करून हलकेच फिरवला तरी बहुतेक डाग निघतात. ॲल्युमिनियम क्रोमियमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे उठण्याची भीती फारशी नसते. मग टोपी कोरडी करून वर मेण लावावे. स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांवर तर मुलामा नसतोच. त्या सरळ करून, क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने घासून उजळता येतात. खरी कसोटी लागते ती जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव भागांत. तो धातू आतून फुगतो आणि त्यावर पुटकुळ्या येतात. असा भाग आम्लात जास्त वेळ राहिला तर तोच झिजतो. पट्टी काढतानाही संयम हवा. तिच्या मागच्या चिमट्या गंजलेल्या असतात; एका टोकाला धरून हिसडा दिला की पट्टी कायमची वाकते.

या झळाळीला आणखी एक किंमत आहे आणि ती मोटारीचा मालक भरत नाही. क्रोमियम चढवण्याच्या जुन्या पद्धतीत टाकीतून बुडबुडे उठतात आणि त्यांबरोबर क्रोमिक आम्लाचे तुषार हवेत मिसळतात. ते श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांच्या नाकात जखमा होतात, कधी नाकाच्या पडद्याला छिद्र पडते. या पद्धतीत वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम माणसात कर्करोग घडवते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1990 साली नोंदवला. तुलनेने कमी घातक अशी त्रिसंयुजी क्रोमियमची पद्धत उपलब्ध आहे. तिची छटा जराशी वेगळी दिसते, म्हणून काही शौकीन ती नाकारतात. एका छटेसाठी दुसऱ्याचे नाक पणाला लावणारा हा शौक मला मान्य नाही. आपल्यापैकी कोणी अशा कारखान्यात काम करीत असेल, तर तिथे हवा खेचून घेणारी यंत्रणा आहे का, हे त्याने विचारलेच पाहिजे.

पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने 2021 साली स्वतंत्र नियम केले. अशा वाहनांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. सांगाडा, बांधणी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, ही त्यातील अट योग्यच आहे. टोप्या आणि पट्ट्या मात्र मालकाच्या विवेकावर राहतात. हा विवेक आता केवळ संस्थानिकांच्या रोल्स रॉइसपुरता नाही. प्रीमियर पद्मिनी हे नाव 1974 साली आले. म्हणजे त्या नावाच्या पहिल्या गाड्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. मुंबईत टॅक्सी म्हणून पद्मिनीची अखेरची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली आणि वीस वर्षांची मुदत संपताच 2023 साली ती रस्त्यावरून गेली. उत्तरपाड्यातील ॲम्बॅसडरचे उत्पादन 2014 सालीच थांबले. या गाड्यांच्या टोप्या अजून भंगाराच्या भावाने विकल्या जातात, म्हणून त्या जपाव्यात असे कोणाला वाटत नाही.

टोपी इतकी खराब असेल की नवी नक्कल बसवणे भागच आहे, तर ती जरूर बसवावी. जुनी मात्र धुऊन, पुसून, तेलाचा हात देऊन कापडात गुंडाळावी. ती कोणत्या चाकाची होती आणि कोणत्या तारखेला काढली, हे एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी सोबत बांधावी आणि गाडी विकली जाईल तेव्हा ते गाठोडेही नव्या मालकाच्या हवाली करावे.